शांततेची उचल

२४ नोव्हेंबर २०१९, रविवार. शहराच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद हेच नाव होतं. नागसेनवनात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मैदानावर, तीन दिवसांच्या जागतिक बौद्ध धम्म परिषदेचा शेवटचा दिवस होता आणि व्यासपीठावर दलाई लामा होते. समोर पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे घातलेले उपासक-उपासिका, त्यांच्यात देशोदेशींचे भिक्खू. महाराष्ट्राचं लक्ष मात्र भलतीकडे होतं. आदल्या दिवशी भल्या सकाळी मुंबईच्या राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता, आणि कुठला आमदार कुठल्या हॉटेलात आहे याची मोजदाद करण्यात वृत्तवाहिन्या बुडून गेल्या होत्या. नोबेल शांतता पुरस्काराचा मानकरी मराठवाड्याच्या राजधानीत आला आणि बातम्यांच्या पट्टीवर त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ उरली.

दलाई लामांना राजकारणी म्हटलेलं कुणाला खटकेल. पण २०११पर्यंत ते निर्वासित तिबेटी सरकारचे राजकीय प्रमुख होते आणि १९८९चं नोबेल त्यांना ध्यानधारणेसाठी मिळालेलं नाही. तिबेटच्या मुक्तीच्या लढ्यात हिंसेला सतत नकार दिला म्हणून ते मिळालं. तिआनमेन चौकातल्या रक्तपाताला तेव्हा चारच महिने झाले होते. बीजिंगने अंतर्गत कारभारात ढवळाढवळ म्हणून आदळआपट केली. दिल्लीचीही पंचाईत झाली, कारण राजीव गांधी डिसेंबर १९८८मध्येच बीजिंगला जाऊन संबंधांची गाडी रुळावर आणून आले होते. औरंगाबादेत त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न अकरा वर्षं लोंबकळत पडला होता. तो सुटायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. तीस वर्षांनी तेच दलाई लामा नागसेनवनात आले, तेव्हा त्या गर्दीचं नातं ऑस्लोशी नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी १९५०मध्ये सुरू केलेल्या, आजच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात धम्माचा एक थोर माणूस आला होता, एवढं तिला पुरेसं होतं. नोबेल परिचयापुरतं.

राजकारणी माणसाला मोठा आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळाला की लोक काय म्हणतात, हा पुढच्या पानांचा विषय आहे. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तर संशोधन कुणाला कळत नाही, त्यामुळे सगळे बिनघोर टाळ्या वाजवतात. राजकारण्याचं काम मात्र सगळ्यांना कळतं, निदान तसं वाटतं. शिवाय त्याच्या देशातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या विरोधात मत दिलेलं असतं आणि शेजारच्या देशातली माणसं त्याच्या सैन्याला ओळखत असतात. म्हणून या पुरस्कारावर जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कुठल्याच पुरस्कारावर होत नाहीत.

हा वाद मराठवाड्यात समजावून सांगायला ऊसतोडीचा व्यवहार पुरे आहे. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. काम नंतर, पैसा आधी. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं आणि पुढचे पाच-सहा महिने मोळ्या बांधून ती उचल फेडायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. राजकारण्यांना दिलेले शांतता पुरस्कार दोन तऱ्हेचे असतात: काही झालेल्या कामाची मजुरी, काही उचल. लोकांचा संताप बहुतेक वेळा दुसऱ्या तऱ्हेवर असतो. नोबेल समितीने ‘मजुरी देतोय’ असं जाहीर केलेलं असतं आणि लोकांना ती उचल दिसत असते.

सर्वांत ठळक उदाहरण बराक ओबामांचं. २० जानेवारी २००९ला शपथ घेतली, १ फेब्रुवारीला त्या वर्षीच्या शिफारशींची मुदत संपली आणि ९ ऑक्टोबरला पुरस्कार जाहीर झाला. शिफारस करणाऱ्याने त्यांच्या कारभाराचे फार तर बारा दिवस पाहिले होते. ऑस्लोतल्या पत्रकार परिषदेत नाव ऐकताच वार्ताहरांनाच धक्का बसला. गॅलपच्या पाहणीत बहुसंख्य अमेरिकी नागरिकांनी ते या पुरस्काराला पात्र नाहीत असं सांगितलं. ओबामा चतुर. १ डिसेंबरला त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक धाडण्याची घोषणा केली आणि १० डिसेंबरला पुरस्कार स्वीकारताना, मंडेला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापुढे आपलं काम किरकोळ आहे आणि आपण दोन युद्धांत गुंतलेल्या देशाचे सरसेनापती आहोत, हे स्वतःच बोलून टाकलं. नोबेल संस्थेचे माजी संचालक गेइर लुंडेस्टाड यांनी २०१५च्या आठवणींत कबूल केलं, की समितीला जे साधायचं होतं ते या पुरस्कारानं साधलं नाही.

महाराष्ट्राला ही बातमी आली तेव्हा विधानसभेच्या मतदानाला चार दिवस उरले होते. मतदान १३ ऑक्टोबरला होतं. शुक्रवारची ती संध्याकाळ प्रचाराच्या शेवटच्या सभांची. पुढच्या वर्षी ६ नोव्हेंबरला ओबामा मुंबईत मणिभवनात गेले, १९५९मध्ये मार्टिन ल्यूथर किंग जिथे मुक्कामाला होते तिथे, तेव्हा कुठे मराठी वर्तमानपत्रांनी त्या नोबेलचा आणि गांधीजींचा धागा जोडून मोठे फोटो छापले.

उचल नाकारणारा माणूस एकच निघाला. १९७३चं नोबेल हेन्री किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डक थो यांना मिळून जाहीर झालं. शांतता अजून आलेली नाही, असं सांगून ले डक थो यांनी ते घेतलं नाही. किसिंजर यांनी घेतलं, पण समारंभाला गेले नाहीत. समितीच्या दोन सभासदांनी राजीनामे दिले. एप्रिल १९७५च्या अखेरीस सायगाव पडलं तेव्हा किसिंजर पुरस्कार परत करायला निघाले, आणि समितीने तो परत घ्यायला नकार दिला. हा मुकादम वसुलीलाही येत नाही आणि परतफेडही घेत नाही. १९७१च्या डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आल्याची आठवण भारतात ताजी होती. त्यात किसिंजर यांचा वाटा किती, हे सामान्य वाचकाला ठाऊक होतं. अर्थात १९७३चा मराठवाडा दुष्काळातून नुकता डोकं वर काढत होता. खडी फोडून, सुकडी खाऊन जगलेल्या माणसांना ऑस्लोची उठाठेव करायला सवड कुठली.

या यादीत अराफात, राबिन आणि पेरेस यांचं १९९४ येतं. त्या वेळीही समितीतले एक सभासद राजीनामा देऊन बाहेर पडले. पण तारखेचा खरा योग जुळला तो १० डिसेंबर २०१९ला. त्या दिवशी ऑस्लोत इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद, इरिट्रियाशी समेट केल्याबद्दल, नोबेल स्वीकारत होते. त्याच दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९९१च्या नोबेल मानकरी आंग सान सू की, रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या आरोपावर म्यानमारच्या सैन्याच्या बचावासाठी बसल्या होत्या. नजरकैदेत असताना ज्यांच्या नावानं जगभर मेणबत्त्या लागल्या त्या या बाई. ॲम्नेस्टीने आपला सन्मान २०१८मध्येच काढून घेतला होता. नोबेल काढून घेण्याची सोय नाही. आणि अबी अहमद? नोव्हेंबर २०२०मध्ये तिग्रे प्रांतात त्यांनी सैन्य घातलं. जानेवारी २०२२मध्ये समितीला निवेदन काढून त्यांना जबाबदारीची आठवण करून द्यावी लागली. सू कींची मजुरी होती असं म्हणावं, तर ती घेतल्यानंतरचा हंगाम कुणाच्या खात्यावर मांडायचा?

मराठी वाचकाला या विषयात बाहेरचा प्रेक्षक राहता येत नाही, त्याचं कारण १९४७. त्या वर्षी महात्मा गांधींची शिफारस भारतातून तारेनं ऑस्लोला गेली. शिफारस करणारे तिघे: मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर, संयुक्त प्रांताचे गोविंद वल्लभ पंत आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. खेर रत्नागिरीचे. मावळणकरांचं घराणं अहमदाबादेत स्थिरावलेलं, पण मुळात संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं. म्हणजे तिघांतले दोघे कोकणातले. समितीत पाच जण होते, त्यांतल्या दोघांनी गांधीजींची बाजू घेतली. बाकीच्यांना फाळणीच्या हिंसाचारात, एका बाजूचा पुढारी असलेल्या माणसाला पुरस्कार देणं अवघड वाटलं. दहा वर्षांपूर्वी, १९३७मध्ये, समितीचे सल्लागार याकोब वोर्म-म्युलर यांनी अहवालात लिहून ठेवलं होतं, की हा माणूस कधी ख्रिस्तासारखा वाटतो आणि मग अचानक साधा राजकारणी होतो. अडलं ते तिथेच. संताला देता आलं असतं, राजकारण्याला द्यायला हात धजावला नाही. पुढे किसिंजरना देताना हा संकोच कुठे गेला, हे समितीच जाणे.

१९४७चा पुरस्कार क्वेकर संघटनांना गेला. त्याला तीन महिने होतात न होतात तोच ३० जानेवारी १९४८ला गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि झाडणारा पुण्याच्या एका मराठी वर्तमानपत्राचा संपादक होता. शिफारशींची मुदत संपायला दोन दिवस होते. त्या वर्षी समितीने, योग्य हयात उमेदवार नाही असं म्हणत, पुरस्कार कुणालाच दिला नाही. शिफारस मराठी माणसांची आणि पिस्तूलही मराठी माणसाचं, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणी एका दमात सांगत नाही. औरंगाबाद तर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. सुटका व्हायला १७ सप्टेंबर उजाडायचा होता. आजही गांधीजींना नोबेल मिळालं नाही हा प्रश्न निघाला की दोन सूर हमखास निघतात. एक: नोबेलचीच लायकी नव्हती. दुसरा: मिळालं नाही तेच बरं झालं. पहिल्यात दुखावलेला अभिमान असतो. दुसऱ्यात काय असतं ते ऐकणाऱ्याला कळतं.

आता अलीकडे. २४ ऑक्टोबर २०१८ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना सोल शांतता पुरस्कार जाहीर झाला. सोल ऑलिम्पिकच्या स्मरणार्थ १९९०मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार. पहिले मानकरी ऑलिम्पिक समितीचे हुआन अंतोनियो समारांच. नंतर कोफी अन्नान, मुहम्मद युनूस, अँगेला मर्केल. मोदी चौदावे. निवेदनात ‘मोदीनॉमिक्स’ होतं, गरीब-श्रीमंत दरी कमी केल्याचं कौतुक होतं आणि भ्रष्टाचाराविरुद्धचा उपाय म्हणून नोटाबंदीही होती. नोव्हेंबर २०१६मध्ये बँकांसमोर उन्हात उभ्या राहिलेल्यांना आपण जागतिक शांततेच्या रांगेत होतो, हे असं दोन वर्षांनी कळलं. कोरियातल्या काही नागरी संघटनांनी गुजरात २००२ची आठवण काढून निषेध केला. इकडे समर्थकांनी तो भारताचा गौरव म्हणून मिरवला आणि विरोधकांनी हा कुठला पुरस्कार म्हणून नाकं मुरडली. युनूस किंवा मर्केल यांना तो मिळाला तेव्हा या दोन्ही गटांतल्या किती जणांना त्याचं नाव ठाऊक होतं, हा चौकशीचा विषय आहे.

क्रांती चौक ते टीव्ही सेंटर हिंडणाऱ्या माणसाला अभिनंदनाच्या फ्लेक्सचं व्याकरण पाठ असतं. वर एका रांगेत राष्ट्रीय नेते, त्याखाली राज्यातले, मग जिल्ह्याचे. उजव्या कोपऱ्यात पांढरा कडक सदरा, हात जोडलेले, गळ्यात उपरणं आणि कधी डोळ्यांवर गॉगल असा शुभेच्छुक. तो सत्कारमूर्तीपेक्षा तसूभर मोठाच. तळाला मित्रमंडळाचे अंगठ्याएवढे चेहरे. पुरस्काराचं नाव लहान अक्षरांत. महापालिकेची परवानगी आहे की नाही हे कुणी विचारत नाही. पुरस्कार कुणाचाही असो, फ्लेक्स शुभेच्छुकाचा असतो, आणि दोन आठवड्यांनी त्याच सांगाड्यावर वाढदिवस चढतो.

सोलमध्ये प्रत्यक्ष पुरस्कार दिला गेला तो २२ फेब्रुवारी २०१९ला. आठच दिवसांपूर्वी, १४ तारखेला, पुलवामा झालं होतं. त्यात शेजारच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले. मलकापूर आणि लोणार तालुक्यांत हजारोंच्या गर्दीत त्यांना निरोप दिला गेला. मोदींनी दोन लाख डॉलरची, म्हणजे सुमारे १.३० कोटी रुपयांची, रक्कम नमामि गंगे योजनेला दिली. २६ फेब्रुवारीला बालाकोट. १ मार्चला पाकिस्तानच्या ताब्यातला भारतीय वैमानिक परतला आणि दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानच्या संसदेत इम्रान खान यांना शांततेचं नोबेल मिळावं असा ठराव दाखल झाला. दोन दिवसांनी इम्रान खान यांनीच आपण त्याला पात्र नाही असं जाहीर केलं. काश्मीरचा प्रश्न काश्मिरींच्या इच्छेनं सोडवेल तो पात्र, ही पुस्तीही जोडली. सीमेच्या एका बाजूला शांतता पुरस्कार मिळालेला नेता, दुसऱ्या बाजूला नोबेलचा ठराव दाखल झालेला नेता, आणि मधल्या दहा दिवसांत दोन्हीकडच्या विमानांनी एकमेकांची हद्द ओलांडलेली. हा पंधरवडा लेखकाने कल्पून लिहिला असता तर संपादकाने अतिरंजित म्हणून परत पाठवला असता.

एप्रिलमध्ये औरंगाबादेत लोकसभेचं मतदान झालं तेव्हा सोलचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. चार वेळा निवडून आलेले चंद्रकांत खैरे इम्तियाज जलील यांच्याकडून ४,४९२ मतांनी पडले. शहराच्या डोक्यात होतं ते पाणी, २०१८चा कचरा आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातली दंगल.

पुरस्कार न मिळताही प्रतिक्रिया उमटते, हे मार्च २०२३मध्ये दिसलं. नोबेल समितीचे उपाध्यक्ष अस्ले टोये भारतात आले होते. मोदी हे नोबेलचे सर्वांत प्रबळ दावेदार असं ते म्हणाल्याची बातमी वाहिन्यांनी चालवली, व्हॉट्सॲपवर अभिनंदनं सुरू झाली, विरोधकांचे विनोदही तयार झाले. टोये यांनी स्वतः खुलासा केला: असं काही आपण बोललो नाही, बातमी खोटी आहे, तिला हवा देऊ नका. खुलासा किती फोनांवर पोचला असेल, हे व्हॉट्सॲप वापरणाऱ्याने आपल्यापुरतं ठरवावं. त्यानंतर पंधरा दिवस उलटले नव्हते. २९ मार्चच्या रात्री, रामनवमीच्या आदल्या रात्री, नुकतंच छत्रपती संभाजीनगर झालेल्या शहरात किराडपुऱ्यात दंगल उसळली. पोलिसांच्या गाड्या जळाल्या. खासदार जलील राममंदिरात थांबले आणि मंदिर सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका, असं तिथूनच व्हिडिओवर सांगत राहिले. त्यावरही लोकांची दोन मतं पडली: काहींनी शाबासकी दिली, काहींनी त्यातही मतांचं गणित पाहिलं. नंतर पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका झाल्या. चहा-बिस्किटं आणि दोन्हीकडच्या जाणत्या माणसांची जुनीच वाक्यं. पण पुढच्या मिरवणुकीपर्यंत शहर त्यांच्याच जिवावर चालतं. त्यांना कुणी पदक देत नाही.

२०२५चा ऑक्टोबर आला तेव्हा मराठवाडा पुराखाली होता. जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यानं पैठणची दैना केली होती, सोयाबीन शेतात सडत होतं आणि ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. वाहिन्यांवर आलटून पालटून दोनच गोष्टी: पंचनामे आणि डोनाल्ड ट्रम्प यांचं नोबेल. मेमधला भारत-पाक संघर्ष आपण थांबवला, हे ट्रम्प महिनोन् महिने सांगत होते. पाकिस्तानने जूनमध्ये त्यांची शिफारस जाहीर केली आणि दोनच दिवसांत अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क २७ ऑगस्टपासून लागू झालं होतं, त्यामुळे वाळूज-शेंद्र्यात ट्रम्प हे नाव शांततेच्या संदर्भात निघण्याची शक्यता कमीच. १० ऑक्टोबरला व्हेनेझुएलाच्या विरोधी पक्षनेत्या मारिया कोरिना माचादो यांचं नाव जाहीर झालं आणि भारतात एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे मोदींचे समर्थक आणि विरोधक एकदमच खूश झाले. माचादो कोण, हे त्यांतल्या बहुतेकांनी नंतर शोधलं. त्या बाईंनी पुरस्कार ट्रम्प यांनाही अर्पण केला, आणि जानेवारी २०२६मध्ये व्हाइट हाऊसमध्ये जाऊन पदकच त्यांच्या हाती दिलं. पुरस्कार असा दुसऱ्याच्या नावावर होत नाही, हे नोबेल संस्थेला सांगावं लागलं.

पुढच्या पानांवर शिफारस हा शब्द वरचेवर येईल, म्हणून नियम इथेच सांगून ठेवलेला बरा. कुठल्याही देशाचा खासदार किंवा मंत्री नोबेलसाठी नाव कळवू शकतो. विद्यापीठात इतिहास, समाजशास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान, धर्म हे विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही तो अधिकार आहे. त्यामुळे ‘नोबेलसाठी नामांकन’ या बातमीचं वजन एका पत्राएवढं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागातल्या एखाद्या प्राध्यापकानेही ३१ जानेवारीच्या आत कुणाचं नाव ऑस्लोला कळवलं असेल, तर समितीच्या नियमाप्रमाणे ते पन्नास वर्षं बंद दप्तरात राहील. प्राध्यापकांनी स्वतःच चहाच्या टपरीवर सांगून टाकलं नाही, तर.